ऑनलाइन ब्रिजची सांघिक स्पर्धा भरवायची तर

मेंढीकोट ज्याला येतो त्याला ब्रिज शिकायला फार दिवस लागत नाहीत. चार जण, समोरासमोर बसलेले दोघे भिडू, हुकूम, उतारी, हात करणं, हे सगळं ओळखीचंच असतं. नवं असतं ते दोन गोष्टींत. खेळ सुरू होण्याआधी बोली लागते, म्हणजे हुकूम कोणता आणि किती हात करून दाखवायचे, हे चौघांच्या बोलीतून ठरतं. आणि ज्याची बोली लागली त्याच्या भिडूची तेरा पानं टेबलावर उघडी मांडली जातात. त्याला डमी म्हणतात. डमी झालेल्या माणसाने त्या डावापुरतं गप्प बसायचं असतं, आणि अनेकांना तेच सगळ्यात अवघड जातं.

सोलापुरात पत्त्यांची आवड जुनी आहे. पण ब्रिज खेळणारी मंडळी आता एका गावात राहिलेली नाहीत. एक भिडू जुळे सोलापुरात, दुसरा पुण्याला मुलाकडे, तिसरी दुबईत, चौथा न्यू जर्सीत. संध्याकाळी सात रस्त्याजवळ कुणाच्या तरी गच्चीवर टेबल मांडून बसणं आता सगळ्यांना जमत नाही, म्हणून खेळ पडद्यावर आला. रोजचा खेळ रुळला की कुणीतरी हमखास म्हणतं, एक सांघिक स्पर्धा भरवू या. टेबलं उघडायची, लिंक पाठवायची, गुण तर संगणकच मोजतो, मग अडचण काय?

अडचण आहे, आणि ती सांघिक ब्रिजच्या रचनेतच आहे. या खेळाचा निकाल एका टेबलावर लागत नाही, दोन टेबलांची तुलना करून लागतो. त्यामुळे एका टेबलाला जी संधी, जी सवलत, जी माहिती मिळाली, ती दुसऱ्या टेबलाला मिळाली नसेल तर तुलनाच खोटी ठरते. हे एकदा नीट उमगलं की संयोजकाने काय करायचं आणि काय टाळायचं, ते बहुतेक सगळं आपोआप उलगडत जातं. म्हणून आधी तेच समजून घेऊ.

दोन टेबलं, तीच पानं

एका संघात किमान चार खेळाडू, म्हणजे दोन जोड्या. सामना अ आणि ब संघांत आहे असं धरा. पहिल्या टेबलावर अ संघाची एक जोडी उत्तर-दक्षिण बसते आणि ब संघाची एक जोडी पूर्व-पश्चिम. दुसऱ्या टेबलावर उलट: ब संघ उत्तर-दक्षिण, अ संघ पूर्व-पश्चिम. दोन्ही टेबलांवर त्याच वाटणीची तीच बावन्न पानं येतात. म्हणजे पहिल्या टेबलावर दक्षिणेला बसलेल्या माझ्याकडे जी तेरा पानं आहेत, तीच दुसऱ्या टेबलावर माझ्या प्रतिस्पर्ध्याच्या हातात असतात. पानं भिकार आली ही तक्रार इथे चालत नाही, कारण तीच भिकार पानं समोरच्या संघालाही खेळावी लागली आहेत. नशिबाचा वाटा इतका कमी करणारा पत्त्यांचा दुसरा खेळ मला माहीत नाही.

एक डाव जवळून पाहू. दक्षिणेकडे इस्पिकचे राजा, राणी, गुलाम, अठ्ठी, चौकी. बदामची सत्ती आणि तिर्री. चौकटचे एक्का, गुलाम, पंजी. किलवरचे राजा, छक्की, दुर्री. उत्तरेकडे इस्पिकचे एक्का, दश्शी, सत्ती. बदामची नव्वी, छक्की, चौकी. चौकटचे राजा, राणी, अठ्ठी, दुर्री. किलवरची अठ्ठी, पंजी, तिर्री. हुकूम इस्पिकचा ठरला. आता हात मोजा. इस्पिकचे पाच, चौकटचे चार, झाले नऊ. दहावा हात किलवरच्या राजावर अवलंबून. किलवरचा एक्का पूर्वेकडे असेल तर डमीतून लहान किलवर खेळून राजा पिकतो. तो पश्चिमेकडे असेल तर राजा पडतो. इतर वाटणी नेहमीसारखी असेल तर पूर्व की पश्चिम, मामला निम्मा-निम्मा.

एका टेबलावर जोडीने हिंमत करून चार इस्पिकची बोली लावली, म्हणजे सहाच्या वर चार, असे दहा हात करण्याचा शब्द दिला. दुसऱ्या टेबलावर तीच पानं घेऊन बसलेली जोडी तीन इस्पिकवर थांबली, म्हणजे नऊ हातांवर. प्रत्येक डावात कोणती बाजू व्हल्नरेबल, म्हणजे जिला बक्षीसही मोठं आणि दंडही मोठा, हे डावाच्या क्रमांकावरून ठरलेलं असतं. दुसऱ्या क्रमांकाच्या डावात उत्तर-दक्षिण व्हल्नरेबल असतात, तर आपला हा डाव दुसरा आहे असं धरू.

किलवरचा एक्का पूर्वेकडे निघाला. दोन्ही टेबलांवर दहा हात झाले. चार इस्पिक बोलणाऱ्यांना 620 गुण, तीनवर थांबलेल्यांना 170. फरक 450. एक्का पश्चिमेकडे असता तर दोन्हीकडे नऊच हात झाले असते: हिंमत करणाऱ्यांना 100 चा दंड, थांबलेल्यांना 140 गुण, फरक 240.

हे फरक जसेच्या तसे बेरजेला धरत नाहीत. त्यांचं रूपांतर इम्प नावाच्या गुणांत होतं. त्याचं कोष्टक जगभर एकच आहे: 20 ते 40 च्या फरकाला 1 इम्प, 220 ते 260 ला 6, 430 ते 490 ला 10, असं चढत 4000 किंवा त्याहून जास्त फरकाला 24 इम्प, आणि तिथे ते थांबतं. फरक वाढत जातो तसं इम्पचं वाढणं मंदावत जातं, जेणेकरून एकाच डावातल्या दणक्याने अख्खा सामना वाहून जाऊ नये. आपल्या डावात एक्का पूर्वेकडे निघाला तर हिंमत करणाऱ्यांना 10 इम्प मिळतात, पश्चिमेकडे निघाला तर 6 जातात. मिळण्याची आणि जाण्याची शक्यता सारखीच असताना मिळायचे 10 आणि जायचे 6, म्हणून अनुभवी जोड्या व्हल्नरेबल असताना अशा निम्म्या शक्यतेच्या बोलीला मागे हटत नाहीत. तेच उत्तर-दक्षिण व्हल्नरेबल नसतील तर हा हिशेब 6 आणि 5 असा जवळजवळ बरोबरीचा होतो. नवख्या खेळाडूला एवढा एक डाव कागदावर मांडून दाखवला तर सांघिक ब्रिज त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. हे मी पुनःपुन्हा पाहिलं आहे, म्हणून स्पर्धेच्या आधीच्या बैठकीत हा हिशेब करून दाखवाच.

संघ किती, फेऱ्या किती

आठ संघ आले तर एका वेळी चार सामने, आठ टेबलं आणि बत्तीस खेळाडू होतात. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं ठरलं तर 28 सामने, म्हणजे सात फेऱ्या. ऑनलाइन एका डावाला सात-आठ मिनिटं धरावीत. आठ डावांची एक फेरी तासाभरात होते. सातही फेऱ्या एकाच रविवारी उरकायचा बेत काही जण आखतात. मला तो मुळीच पसंत नाही. सात तास पडद्याकडे डोळे लावून साठीपुढच्या माणसाने चांगला ब्रिज खेळावा, ही अपेक्षाच चुकीची. एका संध्याकाळी दोन फेऱ्या, मध्ये चहापुरती सुट्टी, असं चार संध्याकाळींत सगळं बसतं. मग पहिल्या चार संघांची उपांत्य फेरी आणि अंतिम सामना, हे लांब ठेवा, चोवीस किंवा बत्तीस डावांचे. लांब सामन्यात नशिबाचा उरलासुरला वाटाही आटतो.

वीस संघ आले तर प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळणं शक्य नाही, 190 सामने होतात. तिथे स्विस पद्धत घ्यावी. पहिली फेरी चिठ्ठ्या टाकून, पुढच्या प्रत्येक फेरीत जवळपास सारखे गुण असलेले संघ एकमेकांसमोर, आणि झालेली जोडी पुन्हा नाही. पाच-सहा फेऱ्यांत वरचे संघ वर आणि खालचे खाली येतात. या पद्धतीत कुणी पहिल्याच दिवशी बाद होत नाही, हरणाऱ्या संघालाही पुढे बरोबरीचा प्रतिस्पर्धी मिळतो, म्हणून हौशी मंडळींसाठी ती फार चांगली.

सामन्यातले इम्प थेट बेरीज करायचे नाहीत, हेही ठरवून टाका. एखाद्या दुबळ्या संघाला कुणी शंभर इम्पांनी धुतलं तर त्या एका विजयावर ते स्पर्धा जिंकतील. म्हणून इम्पचे व्हीपी, म्हणजे व्हिक्टरी पॉइंट, करतात. एका सामन्यात दोन्ही संघांना मिळून 20 व्हीपी. बरोबरी झाली तर 10-10, फरक वाढेल तसं पारडं झुकत जातं. जागतिक ब्रिज महासंघाच्या कोष्टकात 16 डावांच्या सामन्यात 60 इम्पांची आघाडी झाली की 20-0 होतं, आणि शंभरची झाली तरी 20-0 च राहतं. डाव कमी असतील तर ही मर्यादाही कमी असते, म्हणून आपल्या डावसंख्येचंच कोष्टक वापरायचं.

संघांची संख्या विषम असेल तर दर फेरीत एक संघ रिकामा बसतो. त्याला किती व्हीपी द्यायचे हे पत्रकात आधीच लिहा. बऱ्याच ठिकाणी 12 देतात, ते योग्य वाटतं.

कुठे खेळायचं

जगात सर्वांत जास्त वापरला जाणारा मंच म्हणजे ब्रिज बेस ऑनलाइन, बीबीओ. 2001 पासून तो चालू आहे आणि ऑनलाइन खेळणाऱ्या बहुतेकांचं खातं तिथे असतंच. तिथे सहसा माणसं दिसत नाहीत, फक्त नावं आणि पानं दिसतात. 2020 मध्ये टाळेबंदीच्या काळात रिअलब्रिज आलं. तिथे टेबलावरच्या चौघांचे चेहरे दिसतात, आवाज ऐकू येतो, घरात बसून क्लबात गेल्यासारखं वाटतं. निवड करताना मी एकच पाहतो: तुमच्या संघांतल्या सर्वांत वयस्कर खेळाडूला कशाची सवय आहे? त्याला बीबीओची सवय असेल तर बीबीओ. सगळेच नवे असतील आणि कॅमेरा, माइक, बरं इंटरनेट असेल तर रिअलब्रिज, कारण चेहरे दिसले की माणसं एकमेकांशी नीट वागतात आणि संशयाला जागा कमी राहते.

आवाज ऐकू येणाऱ्या टेबलावर सोलापुरात एक खास काळजी घ्यावी लागते. आपल्याकडे मराठी, तेलुगू आणि कन्नड तिन्ही भाषा घराघरांत बोलल्या जातात. शहराच्या पूर्व भागातले दोघे भिडू डाव संपल्यावर सहज तेलुगूत दोन शब्द बोलतात, अक्कलकोटकडचे कन्नडमध्ये. त्यात वाईट हेतू काहीच नसतो. पण समोरच्या जोडीला ते कळलं नाही तर मनात शंका राहतेच. म्हणून नियम सरळ करावा: सामना चालू असताना टेबलावर बोलायचं किंवा लिहायचं ते चौघांनाही कळणाऱ्या भाषेत. सामना संपल्यावर हव्या त्या भाषेत मनसोक्त भांडावं.

मंच कोणताही असो, सामना लावताना काही गोष्टी एक-एक करून तपासाव्या लागतात. दोन्ही टेबलांवर डावांची संख्या तीच आहे ना, प्रेक्षकांना आत येऊ द्यायचं की नाही, चुकून लावलेली बोली मागे घेता येईल का, दुसऱ्या टेबलाचा निकाल मध्येच दिसतो का. शेवटचा मुद्दा बारीक वाटतो, पण महत्त्वाचा आहे. आपण मागे आहोत हे कळलं की माणूस शेवटच्या डावांत जुगार खेळतो. एका टेबलाला ते कळलं आणि दुसऱ्याला नाही, तर दोघांचा खेळ एकसारख्या परिस्थितीतला राहत नाही.

वीज गेली तर

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि ऐन सामन्यात वीज जाणं नवलाचं नाही. या एका प्रसंगावर जितके वाद होतात तितके दुसऱ्या कशावरही होत नाहीत, म्हणून इथे जरा थांबतो.

खेळाडू पडद्यावरून गायब झाला की घड्याळ लावावं. दहा मिनिटं वाट पाहणं पुरेसं. राउटरला छोटा बॅटरी बॅकअप आणि मोबाइलवर खेळायची तयारी, एवढं प्रत्येक संघाने आधीच करून ठेवावं. अनेक जण दोन मिनिटांत मोबाइलवरून परत येतात. दहा मिनिटांत नाही आला तर त्या संघाचा राखीव खेळाडू बसतो. म्हणूनच संघात चारऐवजी पाच किंवा सहा नावं घ्यायला मी आग्रहाने सांगतो. राखीवही नसेल तर उरलेले डाव पुढे ढकलायचे की नाही, ते डायरेक्टरने, म्हणजे स्पर्धेच्या पंचाने, ठरवायचं, कप्तानांनी आपापसात नाही.

आता अर्धवट राहिलेल्या डावाचं काय? खेळलेली पानं संगणकात जशीच्या तशी नोंदलेली असतात. उरलेल्या हातांचा निकाल त्यावरून स्पष्ट असेल तर डायरेक्टर तो लिहून टाकतो. स्पष्ट नसेल तर त्या टेबलावरचा डाव रद्द. आणि इथे नवख्या संयोजकाला जे सुचत नाही ते असं, की डाव एका टेबलावर रद्द झाला तर दुसऱ्या टेबलावरचा त्याचा निकालही रद्द होतो. तिथे कुणी कितीही सुंदर स्लॅम, म्हणजे बारा किंवा तेरा हातांची बोली, पूर्ण केलेली असो. तुलनेला जोडीच उरली नाही तर त्या निकालाला अर्थ नाही. दुसऱ्या टेबलावरच्या खेळाडूंना याचं वाईट वाटतं आणि ते साहजिक आहे, पण सूट दिली तर पुढच्या वेळी उलट बाजूने तीच मागणी येईल. एका संघाच्या चुकीमुळे डाव वाया गेला असेल, वीज किंवा नेट नव्हे, तर नियमपुस्तिकेप्रमाणे निर्दोष संघाला साधारणपणे 3 इम्प मिळतात.

चालत्या रेल्वेतून खेळू नये, हेही लिहून ठेवा. संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने निघालेला भिडू कुर्डुवाडीपर्यंत तीनदा तुटतो आणि सात जण त्याच्यासाठी थांबून राहतात.

वेळ ठरवताना परदेशातल्यांचं घड्याळ कागदावर मांडा. सोलापुरात रविवारी संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा दुबईत साडेपाच असतात आणि न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. सगळ्यांना झेपेल अशी ती वेळ आहे. तिकडची घड्याळं नोव्हेंबरात एक तास मागे होतात. स्पर्धा त्या सुमारास असेल तर वेळ नेहमी भारतीय वेळेतच कळवावी. आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत फेरी ठेवूच नका, सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांची मिरवणूक सोडून कुणी पत्ते खेळायला बसणार नाही.

अलर्ट, माघार आणि खोळंबा

पडद्यावर काही चुका होऊच शकत नाहीत. पाळी नसताना उतारी, रंग असून दुसरं पान टाकणं, आधीच्यापेक्षा खालची बोली, हे संगणक करूच देत नाही. प्रत्यक्ष टेबलावर डायरेक्टरचा निम्मा वेळ याच गोष्टींत जातो. ऑनलाइन तो वेळ वाचतो आणि तीन वेगळ्या गोष्टींत खर्च होतो.

पहिली गोष्ट अलर्ट. काही बोली ठरवलेल्या खुणेसारख्या असतात, दोन किलवर बोललं तरी किलवर असतातच असं नाही. समोरच्या जोडीला अशा बोलीचा अर्थ कळणं हा त्यांचा हक्क आहे. प्रत्यक्ष टेबलावर बोली लावणाऱ्याचा भिडू अलर्ट करतो, म्हणजे ही बोली नेहमीच्या अर्थाची नाही असा इशारा देतो. ऑनलाइन उलट, बोली लावणारा स्वतःच अलर्ट करतो आणि अर्थ लिहितो. तो अर्थ फक्त प्रतिस्पर्ध्यांना दिसतो, भिडूला दिसत नाही. ही पद्धत मला जास्त न्याय्य वाटते, कारण भिडूने लावलेला अर्थ ऐकून स्वतःची चूक सुधारण्याची सोयच उरत नाही. पण क्लबात वर्षानुवर्षं खेळलेल्या माणसाला ही उलटी सवय लागायला वेळ लागतो. सरावाच्या संध्याकाळी हे मुद्दाम करून घ्या.

दुसरी गोष्ट चुकीचं बटण. बोटाने चुकून भलतीच बोली लागली, तर लगेच सांगितल्यास ती मागे घेऊ द्यावी. खेळताना टाकलेलं पान मात्र मागे नाही, एकदा टाकलं की टाकलं. हा नियम सगळ्या टेबलांवर सारखा हवा. एका टेबलावरच्या उदार जोडीने पान मागे घेऊ दिलं आणि दुसऱ्या टेबलावर कडक जोडी बसली, तर पुन्हा तुलना बिघडली. इथे उदारपणा हा सद्गुण नाही, कारण त्याची किंमत आपल्याच संघातले दुसरे दोघे मोजतात.

तिसरी, सगळ्यात नाजूक गोष्ट खोळंब्याची. भिडूने बराच वेळ विचार करून पास म्हटलं, की त्याच्याकडे काहीतरी आहे हे दुसऱ्याला कळतं. अशी माहिती वापरायची नाही, असं 2017 च्या नियमपुस्तिकेतला 16 वा नियम सांगतो. भिडूच्या खोळंब्याने जी चाल सुचते ती न करता, दुसरा वाजवी पर्याय असेल तर तो घ्यायचा. ऑनलाइन अडचण अशी की तो खोळंबा विचाराचा होता की नेट अडकलं होतं की दारात दूधवाला आला होता, हे कुणालाच कळत नाही. माझं मत असं की डायरेक्टरने खोळंब्याचं कारण शोधत बसू नये. खोळंबणाऱ्याच्या भिडूने पुढे केलेली चाल त्या भिडूच्या स्वतःच्या पानांवरून पटते का, एवढंच पाहावं. पटत असेल तर डाव तसाच ठेवावा.

यासाठी डायरेक्टर स्वतः खेळणारा नसावा. लहान स्पर्धेत माणूस मिळत नाही हे खरं, पण मग निदान त्याच्या संघाच्या सामन्याचे वाद दुसऱ्या कुणाकडे सोपवा आणि ते नाव आधीच जाहीर करा.

विश्वास आणि बंदोबस्त

घरी बसलेल्या माणसाच्या हातात फोन असतो, शेजारच्या खोलीत कदाचित भिडूच बसलेला असतो. 2020 मध्ये सगळं ब्रिज पडद्यावर गेलं तेव्हा जगातल्या काही नामवंत खेळाडूंनी दुसऱ्या खात्याने प्रेक्षक म्हणून शिरून चौघांची पानं पाहिल्याचं स्वतः कबूल केलं. त्यानंतर मोठ्या ऑनलाइन स्पर्धांत याबाबत कडकपणा आला. आपल्या घरगुती स्पर्धेतही प्रेक्षक बंदच ठेवा. पाहण्याची हौस असणाऱ्यांना सामना संपल्यावर सगळे डाव पानन् पान पाहता येतात.

एकाच घरातले नवरा-बायको भिडू असतील तर त्यांनी वेगळ्या खोलीत, वेगळ्या यंत्रावर बसावं. हे सांगताना संकोच वाटतो. पण सगळ्यांना सारखंच सांगितलं तर कुणी मनाला लावून घेत नाही. सामना चालू असताना कप्तानांच्या व्हॉट्सॲप गटावर डायरेक्टरशिवाय कुणी लिहू नये. एक टेबल लवकर आटोपलं की खेळाडूंना डावाविषयी बोलावंसं वाटतं, आणि त्याच वेळी तेच डाव दुसऱ्या टेबलावर चालू असतात. सगळ्या सामन्यांना तेच डाव द्यायचे की प्रत्येक सामन्याला वेगळे, हाही निर्णय इथेच येतो. सगळ्यांना तेच दिले तर स्पर्धाभर जोड्यांची तुलना करता येते, चर्चेला रंग चढतो. पण फुटण्याचा धोका तितकाच वाढतो. पहिल्या स्पर्धेत वेगळे द्या.

कुणावर संशय आलाच तर टेबलावर एक अक्षर बोलायचं नाही. डावाचा क्रमांक आणि तपशील डायरेक्टरला खासगीत कळवायचा. एखाद्या डावात कुणाची उतारी अचूक लागली यावरून काहीच सिद्ध होत नाही. चांगले खेळाडू अचूक उतारी करतातच. उघड आरोपाने वर्षानुवर्षांची मैत्री तुटते, आणि ती कोणत्याही व्हीपीने भरून येत नाही.

स्पर्धेच्या तीन आठवडे आधी पत्रक पाठवावं, आठवडाभर आधी संघांची नावं आणि खेळाडूंची खाती घ्यावीत. खात्याचं नाव अक्षर न् अक्षर बरोबर हवं, एक अंक चुकला तर सामना लागत नाही. आदल्या संध्याकाळी चार डावांचा सराव घ्या, गुण न मोजता. खरे घोळ तिथेच निघतात: कुणाचा माइक बंद, कुणी जुनं खातं विसरलेलं, कुणाला अलर्टचं बटण सापडत नाही.

हे सगळं इतक्या बारकाईने कशासाठी, असं विचारणाऱ्यांना मी 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेची आठवण करून देतो. ब्रिजचा त्या स्पर्धांत पहिल्यांदाच समावेश झाला होता आणि पुरुषांच्या जोडी प्रकारात प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. बर्धन तेव्हा साठीचे होते, सरकार छपन्न वर्षांचे. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाने रौप्यपदक जिंकलं. हा खेळ ज्या वयात आपली बरीच मंडळी निवृत्तीचा फॉर्म भरतात त्या वयात देशासाठी पदक आणू शकतो. मग तो नीट नियमांनी खेळला जावा, एवढं तरी आपण करायला हवं.

शेवटी बरोबरीचा नियम लिहायला विसरू नका. दोन संघांचे व्हीपी सारखे झाले तर आधी त्या दोघांमधला सामना कुणी जिंकला ते पाहायचं, तोही बरोबरीत असेल तर सगळ्या सामन्यांतल्या इम्पांची वजाबाकी. अंतिम सामना बरोबरीत सुटला तर चार जादा डाव. बक्षीस म्हणून विजेत्यांना सोलापुरी चादर द्या, उपविजेत्यांना शेंगा चटणी, आणि ती पुण्याला, बेंगळुरूला, दुबईला पोहोचवण्याचा टपालखर्च प्रवेश फी ठरवतानाच त्यात धरा.